तसबिरीची नोकरी

चौथ्या भागात मित्सुएबाई वारल्या आणि पाचव्या भागापासून त्या स्वतःच्याच तसबिरीचं काम करू लागल्या.

काम टीव्हीवरच्या मालिकेतलं होतं. तोक्योच्या कडेला केरसुण्या बांधून विकणारं एक घर, त्या घरातला बाप, त्याची चार मुलं आणि त्याची बायको, म्हणजे आपल्या काजिवारा मित्सुएबाई. बायकोने चौथ्या भागात खोकत खोकत जायचं आणि पुढे घरच्यांनी तिच्या आठवणीने डोळे पुसत केरसुण्या बांधायच्या, असा एकूण बेत होता. जपानी घरात गेलेल्या माणसांसाठी एक लाकडी देवघर असतं, त्याला ते बुत्सुदान म्हणतात. आपण तसबिरीला हार घालतो. ते लोक तिच्यापुढे रोज सकाळी वाटीभर ताजा भात ठेवतात, एक छोटी पितळी घंटा टण्णकन वाजवतात आणि हात जोडतात. म्हणजे तसबीर हवीच. कलाखात्याने मित्सुएबाईंचा फोटो काळ्या चौकटीत बसवून आणला. दिग्दर्शक शिबागाकी यांनी तो बराच वेळ निरखला आणि पालथा घातला.

"हा कागद आहे," ते म्हणाले.

"फोटो कागदाचाच असतो, शिबागाकी-सान," कलाखात्याचा माणूस म्हणाला.

"कागदापुढे ठेवलेला भात खोटा दिसतो. उद्या काजिवारा-सानना बोलवा."

शिबागाकी हे असे. चहाची वाफ खरी हवी, केरसुणीचा कचरा खरा हवा. चौकट एक वीत रुंद आणि दीड वीत उंच होती. पहिल्या दिवशी मित्सुएबाईंचे खांदे आत जाईनात. दुसऱ्या दिवशी सुताराने चौकट आतून घासली आणि त्यांना श्वास सोडायला सांगितला. तिसऱ्या दिवशी त्या बसल्या. गुडघे चौकटीत दिसणार नव्हतेच, त्यामुळे ते कुठे ठेवायचे हा प्रश्न कुणाला पडला नाही. हातांचंही तेच. "एक हात तरी दिसू दे का?" असं मित्सुएबाईंनी हळूच विचारून पाहिलं होतं. "देवघरातल्या फोटोला कधी हात असतात का?" शिबागाकी म्हणाले, आणि त्यांचं चूक नव्हतं.

मित्सुएबाईंना नाही म्हणता येत नसे, हा त्यांचा पहिल्यापासूनचा दुर्गुण. एकोणिसाव्या वर्षी त्या चित्रपटात आल्या त्याच मुळी नदीत तरंगणारं प्रेत म्हणून. पाणी बर्फासारखं होतं, पण त्यांनी दात वाजू दिले नाहीत, आणि ही बातमी धंद्यात पसरली. त्यानंतर त्या चोवीस वेळा मेल्या. तलवारीने मेल्या, क्षयाने मेल्या, दोन भूकंपांत मेल्या, एकदा तर नवऱ्याच्या नुसत्या बोलण्याने मेल्या. ज्या वर्षी मरण मिळालं नाही त्या वर्षी त्या मोलकरीण झाल्या, परिचारिका झाल्या, नायिकेचं रडगाणं ऐकून घेणारी मैत्रीण झाल्या. आजवर त्यांच्या तोंडी एकूण तीनशे अकरा वाक्यं आली होती आणि ती सगळी त्यांना पाठ होती. त्यातलं सर्वात गाजलेलं, म्हणजे निदान कुणाच्या तरी लक्षात राहिलेलं, "बाईसाहेब, तुमचा फोन" हे होतं. लिहिलेलं वाक्य त्यांनी कधी चुकवलं नाही आणि न लिहिलेलं कधी उच्चारलं नाही. याला तिकडे शिस्त म्हणतात. आपल्याकडेही म्हणतात, आणि दोन्हीकडे तिचा फायदा दुसऱ्यांनाच होतो.

आता त्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खाणार आहे. नटाचं एखाद्या कामातलं शेवटचं दृश्य झालं की साहाय्यक दिग्दर्शक त्याचं नाव घेऊन "ऑल अप" असं ओरडतो. मग सगळे टाळ्या वाजवतात आणि त्याला फुलांचा गुच्छ देतात. नटाने तो स्वतःच्या हातांनी घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, जमलं तर थोडं रडायचं, की तो सुटला. गुच्छ हातात पडेपर्यंत तो त्याच घरचा. दुसरीकडे त्याला कुणी कामाला लावत नाही. मित्सुएबाईंचं चौथ्या भागातलं मरण आटोपलं तेव्हा साहाय्यक दिग्दर्शिका ओनुकी पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा गुच्छ घेऊन आली होती. "काजिवारा-सान" एवढं तिने म्हटलं, तोच शिबागाकींनी हात वर केला.

"त्यांना कुठे पाठवतेस? त्यांची तसबीर शिल्लक आहे."

"मग गुच्छाचं काय करू?"

"पाण्यात ठेव. तसबीर संपली की दे."

ओनुकीने गुच्छ सेटच्या मागे निळ्या बादलीत ठेवला आणि ती रोज सकाळी पाणी बदलू लागली. मालिका तेरा आठवड्यांची होती, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मालिका पंधरा वर्षं चालली. गुच्छ सुकला नाही, कारण तो अजून द्यायचा होता.

तसबिरीच्या कामात नियम एकच होता. कुणी पाहत असेल तोवर हलायचं नाही. पापणीसुद्धा नाही. कॅमेरा पाहत असे, दिवेवाले पाहत, घरातली चार मुलं येता-जाता पाहत, आणि बाप तर ऊठसूट समोर येऊन बसे. मोठ्या मुलाने धंदा बुडवला की तो तसबिरीला सांगे. धाकटी कुणाच्या प्रेमात पडली की आधी तसबिरीला सांगे. दोन दृश्यांच्या मधल्या सुट्टीत हीच नटमंडळी आपली खरी दुखणी घेऊन येत. बापाचं काम करणारे हाचिया यांनी एकदा आपली कवळी काढून दाखवली आणि ही गोष्ट बायकोलाही ठाऊक नाही, असं सांगितलं. मित्सुएबाईंना यातल्या प्रत्येकावर काहीतरी बोलायचं असे. पण वाक्य लिहिलेलं नव्हतं. तोंड बांधून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

प्रेक्षकांना मात्र तसबीर फार आवडली. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या सकाळी टीव्हीसमोर भाताची वाटी ठेवू लागल्या आणि काच वाफेने धूसर झाली की पदराने नाही, पण एप्रनने पुसू लागल्या. एका मासिकाने लिहिलं की काजिवारा मित्सुए यांनी आयुष्यातलं सर्वोत्तम काम मेल्यानंतर केलं आहे. मित्सुएबाईंनी ते कात्रण जपून ठेवायला नवऱ्याला सांगितलं असतं, पण तेव्हा नवरा समोर बसून त्यांच्याकडेच पाहत होता.

नवऱ्याचं नाव कुनिहिको. नगरपालिकेच्या तलावावर पोहणाऱ्यांना शिट्टी वाजवून बाहेर काढण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं, आणि त्या तीस वर्षांत ते घरी फारसं बोलले नव्हते. पहिली दोन वर्षं मित्सुएबाई संध्याकाळी चौकट उतरवून साध्या बाईसारख्या घरी येत. तिसऱ्या वर्षी चौकट उतरवायला सकाळ होऊ लागली, तेव्हा त्या चौकटीसकटच घरी येऊ लागल्या. कुनिहिको त्यांना मोठ्या रुमालात गुंडाळून काखेत धरून आणत आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसत. रुमालात नाक खाजवण्याएवढीही जागा नव्हती. मग एके दिवशी रंगभूषा करणाऱ्या बाईने त्यांना बाजूने पाहिलं आणि बाजू सापडली नाही. तिने समोरूनच पावडर लावली. त्या धंद्यात लोक भिडस्त फार.

घरी कुनिहिकोंनी त्यांना जेवणाच्या टेबलाशी, त्यांच्या नेहमीच्या जागी ठेवलं. पहिल्या सकाळी त्यांच्यापुढे भाताची वाटी आली ती न्याहारी म्हणूनच आली होती. पण त्या खाऊ शकल्या नाहीत, कारण कुनिहिको पाहत होते. थोड्या वेळाने कुनिहिकोंनी, वाया जायला नको म्हणून, तो भात स्वतः खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटी ठेवून चमच्याने पेल्याच्या कडेवर टण्ण केलं. हात त्यांनी पुढच्या आठवड्यात जोडले.

"तुझ्याशी बोललं की बरं वाटतं," कुनिहिको म्हणाले. "पूर्वी तू मध्ये बोलायचीस."

आणि ते बोलू लागले. तलावात बुडता बुडता वाचलेल्या माणसांबद्दल बोलले, आपल्या थोरल्या भावाबद्दल बोलले, लग्नाआधी एकदा आपण मित्सुएबाईंना नदीत तरंगताना पडद्यावर पाहिलं आणि चित्रपटगृहातच शिट्टी वाजवून उभे राहिलो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मित्सुएबाईंना हे ऐकून भडभडून आलं. तीस वर्षांत हा माणूस एवढं कधी बोलला नव्हता, आणि आता बोलत होता तर त्याच्या खांद्यावर हात ठेवायची सोय नव्हती. बाजारात जाताना कुनिहिको शेजारच्या बाईंना त्यांच्या सोबतीला बसवून जात. झोपतानाही ते त्यांच्याकडे तोंड करून झोपत, आणि चष्मा काढत नसल्यामुळे डोळा लागला की नाही ते कळत नसे. डाव्या नाकपुडीच्या वर सुटलेली खाज सात वर्षं तशीच राहिली.

पंधराव्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत, उएमात्सु नागिसा नावाच्या दिग्दर्शिका घरी आल्या. वय चाळिशीचं, केस कापलेले, हातात एक जाडजूड संहिता. त्यांनी तसबिरीपुढे वाकून नमस्कार केला. पण घंटेऐवजी ठेवलेला चमचा उचलला नाही. हे मित्सुएबाईंच्या लगेच लक्षात आलं.

"काजिवारा-सान, मी आठ वर्षांची असताना तुम्हाला टीव्हीवर ऐकलं," त्या म्हणाल्या. "'बाईसाहेब, तुमचा फोन.' त्या बाईसाहेबांचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही. पण फोन कुणाचा असेल याचा विचार मी अजून करते. तो आवाज मला हवा आहे."

काम सहलीच्या बसमधल्या गाइडचं होतं. टोपी, पांढरे हातमोजे, हातात छोटा झेंडा, आणि पुढे उभं राहून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणं. डोंगर आला की डोंगराबद्दल, बोगदा आला की स्वतःच्या आयुष्याबद्दल. दोन तासांचा चित्रपट आणि दोन्ही तास तीच बोलणार. संहितेत तिची एक हजार सहाशे चार वाक्यं होती. चित्रीकरण एकाच प्रवासात, एकतीस मार्चला. कारण बस जुनी होती आणि दुसऱ्या दिवशी भंगारात जाणार होती.

"फक्त तुमचा गुच्छ तेवढा तुमच्या हातात पडलेला असला पाहिजे," उएमात्सु म्हणाल्या. "रीत आहे. माझी बस स्टुडिओच्या फाटकाशी उभी राहील. चार वाजेपर्यंत थांबेन. त्यानंतर डोंगरावर उजेड राहत नाही, मग मला दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल."

मित्सुएबाईंना हे काम हवं होतं. आयुष्यात एवढं काहीच हवंसं वाटलं नव्हतं. एक हजार सहाशे चार वाक्यं. त्यांना ओरडून हो म्हणायचं होतं, पण पाहुण्या बाई पाहत होत्या. उएमात्सु संहिता वाटीशेजारी ठेवून गेल्या.

कुनिहिको भला माणूस. ते दुसऱ्याच दिवशी शिबागाकींना भेटले आणि बायकोला मोकळं करा म्हणाले. शिबागाकींनी मनापासून ऐकून घेतलं.

"पण मेलेल्या माणसाला मी आणखी कसा मारू?" ते म्हणाले. "एक करतो. हाचिया-सानचं दुसरं लग्न लावतो. नवी बायको आली की पहिलीची तसबीर आपोआप माळ्यावर जाईल."

दुसरं लग्न झालं. नवी बायको इतकी गुणी निघाली की भात सकाळ-संध्याकाळ दोनदा येऊ लागला, आणि तिने तसबिरीला "ताई" म्हटलं तेव्हा सगळा देश रडला. मग शिबागाकींनी घराला आग लावली. केरसुण्यांचं घर, पेटायला कितीसा वेळ लागणार? बाप आगीत शिरला आणि चार मुलांना बाहेर उभं ठेवून तसबीर तेवढी छातीशी धरून घेऊन आला. संहितेत तो रोखीची पेटी आणणार होता. पण हाचिया म्हणाले, पंधरा वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच गेला. त्या भागाला आजवरचे सर्वाधिक प्रेक्षक मिळाले. उपचार रोगाहून भारी पडले म्हणतात तसं झालं. आगीत बाजू थोड्या जळाल्या म्हणून सुताराने चौकट चारी बाजूंनी बोटभर तासली, आणि मित्सुएबाईंना पुन्हा श्वास सोडावा लागला.

मात्र घरी वेगळंच काहीतरी चाललं होतं. कुनिहिको रोज जेवताना गाइडच्या संहितेचं एकेक पान तसबिरीसमोर धरून बसत आणि अंदाजाने पान उलटत. मित्सुएबाई मनात पाठ करत. डिसेंबरमधल्या एका दुपारी, बोगद्याआधीच्या उताऱ्यावर, त्यांच्या मनात एक विचार आला. हलायचं नाही हा नियम कॅमेरा खात्याचा आहे. आवाज ध्वनिखात्याकडे येतो. दोन्ही खाती वेगळी, त्यांची माणसं एका टेबलावर चहासुद्धा पीत नाहीत. ध्वनिखात्याने तसबिरीला कधी काही सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या गप्प राहिल्या त्या केवळ वाक्य नव्हतं म्हणून, आणि आता वाक्य समोरच धरलेलं होतं.

"कृपया आपल्या उजव्या हाताला पाहावं," मित्सुएबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

त्या देशातला प्रत्येक माणूस लहानपणी शाळेच्या सहलीला अशा बसमधून गेलेला असतो. गाइड उजवीकडे म्हणाली की चाळीस माना उजवीकडे वळतात आणि ती डावीकडे म्हणेपर्यंत तिथेच राहतात. ही सवय हाडात मुरते. कुनिहिकोंची मान उजवीकडे वळली. तिथे फ्रिज होता.

"हो," कुनिहिको म्हणाले. "दिसला."

ते फ्रिजकडे पाहत राहिले. आणि चौकट उतरणं बंद झाल्यापासून पहिल्यांदा मित्सुएबाईंकडे कुणीही पाहत नव्हतं. नाक खाजवलं गेलं. कशाने खाजवलं गेलं ते त्यांनी पाहिलं नाही. खाज थांबल्याच्या सुखात त्यांचे डोळे मिटले होते. आमटीसारखं ते मिसो सूप टेबलावर गार होत चाललं, तरी कुनिहिकोंची मान काही हलेना.

"आता डाव्या हाताला," मित्सुएबाई म्हणाल्या.

कुनिहिकोंनी डावीकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, मग सूप तोंडाला लावलं.

"चांगला आवाज आहे तुझा," ते म्हणाले. "मी विसरलो होतो."

फेब्रुवारीत वाहिनीने मालिका बंद करायचं ठरवलं. आगीनंतर जाळायला काही उरलं नव्हतं. शेवटचा दिवस एकतीस मार्च. तिकडे सगळी वर्षं त्याच दिवशी संपतात. मित्सुएबाईंनी ही बातमी ऐकली तेव्हा त्यांना वाटलं, देवाला अखेर जाग आली. कुनिहिकोंनी पांढरे हातमोजे धुऊन इस्त्री करून ठेवले. हात आहेत की नाहीत याबद्दल दोघांनीही विषय काढला नाही.

एकतीस तारखेला सकाळी कुनिहिकोंनी त्यांना रुमालात बांधून स्टुडिओत आणलं. फाटकाशी क्रीम रंगाची जुनी बस उभी होती आणि उएमात्सु पायरीवर बसून घड्याळाकडे पाहत होत्या. आत शेवटची दृश्यं भराभर उरकत होती. मोठ्या मुलाचं "ऑल अप" झालं, गुच्छ मिळाला, तो रडला. मधली दोघं रडली. धाकटी सर्वात जास्त रडली आणि पळत दुसऱ्या मालिकेला गेली. हाचियांनी गुच्छ घेताना दोन शब्द बोलायचे ते वीस मिनिटं बोलले, आणि कवळी निसटली तेव्हा कुठे थांबले. साडेतीन वाजून गेले.

शेवटी तसबीर उरली. मघाशी मोकळी झालेली मंडळीही आपापले गुच्छ घेऊन थांबली होती, कारण पंधरा वर्षांचं नातं होतं. दिवेवाले, सुतार, रंगभूषावाली बाई, स्वयंपाकखात्यात भात शिजवणाऱ्या दोघी, सगळे देवघरापुढे गोळा झाले. साठेक माणसं असतील. ओनुकी आता एक्केचाळीस वर्षांची होती आणि तिच्या कानाजवळ पांढरे केस आले होते. ती निळ्या बादलीतून गुच्छ घेऊन आली. त्याच्या देठांतून पाणी ठिबकत होतं.

"काजिवारा मित्सुए-सान," ओनुकी म्हणाली. पुढचे शब्द पंधरा वर्षं तिच्या घशात अडकले होते, ते निघायला थोडा वेळ लागला. "ऑल अप."

टाळ्या झाल्या. ओनुकीने गुच्छ दोन्ही हातांनी पुढे धरला.

मित्सुएबाईंना तो घ्यायचा होता. पण साठ माणसं त्यांच्याकडे पाहत होती, त्यांतली निम्मी डोळ्यांत पाणी आणून पाहत होती, आणि कॅमेराही आठवण म्हणून चालूच ठेवला होता. त्या हलू शकल्या नाहीत. ओनुकी गुच्छ धरून उभी राहिली. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. ओनुकीच्या दंडांना कळ लागली असावी, गुच्छ जरा खाली आला.

"काजिवारा-सान?" ती म्हणाली.

चार वाजायला सात मिनिटं होती. फाटकाकडून बसचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

आणि मग जे व्हायचं तेच होऊ लागलं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. नव्या बायकोचं काम करणारी बाई, गोष्ट अवघडते आहे असं पाहून, सवयीने पुढे झाली आणि तिने घंटा वाजवली. टण्ण. तो आवाज ऐकताच हाचियांनी हात जोडले. मग सुताराने जोडले, मग सगळ्यांनी. भात शिजवणाऱ्यांपैकी एकीने वाटी आणून ठेवली. ओनुकीने गोंधळून शिबागाकींकडे पाहिलं.

"फुलदाणीत ठेव," शिबागाकी डोळे पुसत म्हणाले. "त्यांना आवडेल."

देवघरापुढची फुलदाणी रिकामीच होती. फुलं तिच्यात गेली की ती तसबिरीची झाली, बाईची नव्हेत, एवढं त्या धंद्यात प्रत्येकाला कळतं. सामानखात्याचा माणूस गर्दीच्या कडेला खोका घेऊन उभा होता. त्याच्या हातात दोऱ्याची चिठ्ठी तयार होती आणि मित्सुएबाईंना ती सरळ वाचता येत होती: तसबिरी, मयत आई, कप्पा पाचवा. खोक्यात खाली पेंढा घातलेला होता.

कुनिहिको मागच्या रांगेत इस्त्रीचे हातमोजे घेऊन उभे होते. तेवढ्या एका माणसाने हात जोडले नव्हते. पंचवीस मरणं पाहिलेला माणूस, सव्विसाव्याला त्याची शिट्टी हरवली होती.

मित्सुएबाई घाबरल्या होत्या. खोक्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की त्यांना आता जे बोलायचं होतं ते या घराच्या संहितेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते वाक्य दुसऱ्या चित्रपटाचं होतं. दुसऱ्याच्या सेटवर, दिग्दर्शकासमोर, चित्रीकरण चालू असताना. त्रेपन्न वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. नदीत दात वाजू न देणारी ती एकोणीस वर्षांची मुलगी त्यांच्या आत अजूनही निपचित पडून होती.

ओनुकी वाकली. देठं फुलदाणीच्या तोंडाला लागली.

"प्रवासी मंडळी," मित्सुएबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत आला, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "कृपया आपल्या उजव्या हाताला पाहावं."

साठ माना उजवीकडे वळल्या. शिबागाकींची वळली, हाचियांची वळली, सामानखात्याच्या माणसाची वळली. कॅमेरावाल्याने कॅमेराही उजवीकडे फिरवला. ओनुकी देठं फुलदाणीच्या तोंडाशी धरून, वाकलेल्या अवस्थेत, उजवीकडे पाहू लागली. कुनिहिकोंनीही पाहिलं. तिथे स्टुडिओची करडी भिंत होती आणि तिला टेकून एक शिडी उभी होती.

"दिसली," कुनिहिको म्हणाले.

त्यांच्या मागे लाकूड करकरलं. ओनुकीच्या हातातला भार अलगद उचलला गेला आणि फुलांभोवतीचा कागद सळसळला. कुनिहिकोंच्या बोटांतून हातमोजे कुणीतरी ओढून घेतले. मग दार लागल्याचा आवाज आला, आणि बरोबर चार वाजता फाटकाशी बसने भोंगा वाजवला.

साठ माणसं शिडीकडे पाहत उभी होती. मान कुणीच वळवली नाही. डावीकडे पाहायला अजून कुणी सांगितलं नव्हतं.